एकुलत्या धर्मराजची बहीण

कुंभार पिंपळगाव
८ जानेवारी १९९६

चि. बेबीनंदा हिला आजी गिरिजाबाईचा आशीर्वाद पोचावा. बोलून राह्यले मी, लिहून राह्यली शेजारची उषाबाई, आपल्या अंगणवाडीची. अक्षर तिचं, अक्कल माझी. कुठं दोन्ही कमी पडलं तर टपालाच्या गाडीत सांडलं समज.

तुझं पत्र उषाबाईनं दोनदा वाचलं. पहिल्यांदा मला समजावं म्हणून, दुसऱ्यांदा तिला. अंबडला भाड्याच्या खोल्यांत इतकी वर्षं काढून आता तू स्वतःची जागा घेऊन राह्यलीस, तीबी स्वतःच्या मास्तरकीच्या पगारातून आणि स्वतःच्या नावानं, हे ऐकून बरं वाटलं. सर्जेराव जावईबापू रुसले तर न्हाईत ना? रुसले असतील तर दारावरची पाटी मोठी करू त्यांची.

तू जमिनीचे समदे शब्द लिहून पाठवलेस आणि खाली लिहिलंस, 'आजी, तुला हे कळायचं नाही.' अगं, मला वाचता येत न्हाई, ऐकता येतं. इसार दिला म्हणजे सुपारी फुटली. आता दुसरं स्थळ बघायचं न्हाई. साठेखत म्हणजे साखरपुडा. चार माणसांत ठरलं, मुदत निघाली, पण मुलगी अजून बापाच्याच घरी. खरेदीखत म्हणजे लग्न. आणि फेरफार म्हणजे सासरी गेल्यावर नाव बदलतात ते. बोजा म्हणजे बापानं तिच्या नावावर आधीच कुठं कर्ज काढून ठेवलंय का, ते. आमच्या वेळी नवरीची चाल बघायचे, आता सातबारा बघतात.

एन.ए. मात्र मला समजलं न्हाई. उषाबाई म्हणती, शेत आता शेत राह्यलं न्हाई, घर बांधायला मोकळं झालं, असा सरकारचा हुकूम. म्हणजे ज्या जमिनीत काहीच पिकणार न्हाई, तिला भाव जास्त. बरं.

तो धर्मराज, ज्यानं शेताचे प्लॉट पाडलेत, त्याला दोन गोष्टी विचार. एक, पाणी कुठून जातं. जागा पावसाळ्यात बघावी, हिवाळ्यात समद्याच गोऱ्या दिसतात. दुसरं, त्याला भाऊ किती. भावाची सही राह्यली की घर बांधून होतं, वर पत्रे चढतात, आणि मंग एक दिवस भाऊ दारात येऊन राम राम म्हणतो.

तुझी आजी

(अंगठा उमटवते म्हणलं तर उषाबाई न्हाई म्हणती. शाई पसरती म्हणं.)


अंबड
३० जानेवारी १९९६

ती. आजीस बेबीचा साष्टांग नमस्कार. उषाताईंनाही नमस्कार.

तुझ्या लग्नात एक विधी चुकला. साठेखत साखरपुड्यापेक्षा घट्ट असतं. त्यानंतर धर्मराजभाऊंनी ती जागा दुसऱ्याला विकायला काढली तर मला कोर्टात जाता येतं. साखरपुडा मोडला म्हणून कोणी कोर्टात जात नाही, नुसती बोलाचाली होते.

प्लॉट कोपऱ्याचा आहे. दोन बाजूंनी रस्ता, दार पूर्वेला काढता येईल. पाण्याचं तू म्हणालीस म्हणून सर्जेरावांनी तिथं घागर ओतून बघितली. पाणी रस्त्याकडे गेलं आणि रस्त्यावरचे लोक आमच्याकडे बघत राहिले.

भाऊ किती, तेही विचारलं. धर्मराजभाऊ म्हणाले, 'मी एकुलता.' सातबाऱ्यावर वडिलांच्या मागे त्यांचं एकट्याचंच नाव. बोजा नाही. म्हणून इसार दिला, साठेखत केलं. मुदत अक्षय तृतीयेपर्यंत.

आता पुढचं नीट ऐक. परवा त्यांच्या घरी हळदीकुंकवाला गेले होते. त्यांच्या बायकोनं, कौसल्याबाईंनी, वाण दिलं आणि बोलता बोलता म्हणाल्या, 'यंदा वन्सं आल्या नाहीत. टेंभुर्णीहून यायचं म्हणजे गाडीचा त्रास.'

मी म्हटलं, 'कोणाच्या वन्सं?'

'अहो, माझ्याच. झुंबरबाई. यांची पाठची बहीण.'

आजी, एकुलता माणूस आणि त्याला पाठची बहीण. मी वाण हातात घेऊन तशीच ओसरीवर गेले. धर्मराजभाऊ जरासुद्धा दचकले नाहीत. म्हणाले, 'तुम्ही भाऊ विचारले होते, बाई. बहिणीचं कुठं विचारलं?' आपण काही लपवलं असं त्यांना वाटतच नाही. वडील गेल्यावर वारसांची नावं लावायची होती, तेव्हा घरच्यांनी एक सांगितलं, एक लागलं. आता म्हणतात, 'तिच्याकडून हक्कसोडपत्र घेऊ. माझा वाटा मी सोडला, असं लिहून द्यायचं, बस. चांगली साडी नेसवतो. घरचीच आहे, सही कुठं जाते?'

वकील म्हणतात, लग्न झालं तरी बापाच्या जमिनीत मुलीचा हक्क असतो. तिच्या सहीशिवाय खरेदीखत करू नका. मी तर फंडातून सगळं काढून बसले आहे. हे फिसकटलं तर एवढी जुळवाजुळव मला पुन्हा जमायची नाही, आणि असा कोपराही मिळायचा नाही.

तू भाऊ विचार म्हणालीस, मी भाऊ विचारले. आपण दोघी बायकाच ना गं?

तुझी बेबी


कुंभार पिंपळगाव
१८ फेब्रुवारी १९९६

चि. बेबी, आशीर्वाद.

बायकाच आहोत. मोजायला तेवढं पुरुषांकडून शिकलो.

पत्र आलं आणि मी टेंभुर्णीला गेल्ते. माझी धाकटी बहीण द्वारकाबाई तिथंच दिलेली आहे. तुझ्या बापाला म्हणलं, बहिणीला बघून येते. रामकिसन म्हणाला, 'माय, या वयात एवढा एसटीचा प्रवास?' म्हणलं, त्या एसटीचं वय माझ्यापेक्षा जास्त दिसतं. ती जाती तर मी का न्हाई?

झुंबरबाईचं घर द्वारकाच्या गल्लीतच निघालं. बाई बोलायला तिखट आणि हाताला गोड. नवरा मागंच वारला, पोरगी नांदायला गेली. दिराच्या घरात एक खोली दिलीय, तिथं राहती आणि दिवसभर दुसऱ्याच्या गिरणीवर दळण दळती. तिनं मला जेवू घातलं. भाकर खाऊन झाल्यावर मी विषय काढला.

'झुंबरबाई, तुझ्या भावाची जागा माझी नात घेऊन राह्यली. तुझी सही पाहिजे.'

'कशावर?'

'हक्कसोडीवर.'

'सोडायला आधी हातात असावं लागतं, मावशी,' ती म्हणाली. 'मला तर कोणी दिलंच न्हाई. मंग सोडू काय?'

हे वाक्य उषाबाईनं मला दोनदा विचारून मंग लिहिलं.

मंग तीच म्हणाली, 'अर्धं मागितलं तर भाऊ तुटतो. काहीच न्हाई मागितलं तर मीच तुटते. मला त्यातला एक तुकडा पाहिजे, रस्त्याकडंचा. तेवढा माझ्या नावावर करा, मंग म्हणाल तिथं सही करते. साडी त्याच्या बायकोलाच नेसवा म्हणावं.'

'रस्त्याकडंचा म्हणजे कोपऱ्याचा?'

'हां, तिथंच कुठं तरी. तिकडं आमच्या बापाचं खळं होतं.'

बेबी, हे ऐकलं आणि मला राहवलं न्हाई. बापाच्या खळ्यावर दाण्याच्या राशीत लोळलेली पोर, आता दिराच्या खोलीत. मी तिथल्या तिथं शब्द दिला. म्हणलं, 'कोपरा तुझा. माझी नात मागच्या रांगेतला घेईल. ती शिकलेली आहे, समजूतदार आहे.'

आहेस ना? तर मंग धर्मराजला सांग आणि मागचा प्लॉट बघून ये. मागं शांतता असती.

तुझी आजी


अंबड
२७ फेब्रुवारी १९९६

ती. आजीस नमस्कार.

मागची रांग बघून आले. शांतता आहे खरी, कारण तिथं जायला रस्ताच नाही. तो फक्त नकाशावर आहे. घागर ओतायची गरज पडली नाही, पाणी आधीचंच साचलेलं होतं.

कोपरा मी निवडला होता. साठेखत माझ्या नावाचं आहे. शाळा सुटली की मी तिथं जाऊन उभी राहायचे. चूल कुठं, खिडकी कुठं, देवघर कुठं, सगळं चपलेनं मातीत आखून ठेवलं होतं. सर्जेरावांना मी म्हटलं होतं, इथं उभं राहू नका, इथं भिंत आहे. ते बाजूला झाले होते. ते सगळं तू टेंभुर्णीत एका भाकरीवर देऊन आलीस. मला एका शब्दानं विचारलं नाहीस.

धर्मराजभाऊंनी मला एकुलता म्हणून फसवलं. तू समजूतदार म्हणून.

सर्जेराव म्हणतात, आजींनी शब्द दिलाय, मोडायचा नाही. त्यांना काय, त्यांनी कुठं चपला झिजवल्या?

बेबी


कुंभार पिंपळगाव
९ मार्च १९९६

चि. बेबी, तू मागितला न्हाईस तरी आशीर्वाद.

उषाबाई तुझं पत्र हळू आवाजात वाचत होती. म्हणलं, मोठ्यानं वाच, रागावली ती माझ्यावर आहे, गल्लीनं कशाला कान टवकारायचे? ती म्हणती, रागात बेबीचं अक्षर लई देखणं येतं. तेवढं मात्र तू आजोबांवर गेलीस. त्यांना अक्षर येत न्हवतं, पण राग देखणा होता.

शब्द मी परत घेणार न्हाई. दिलेला शब्द परत घ्यायला तो काय वाटीभर साखर आहे? पण एक ध्यानात घे. शब्द मी दिला, जागा दिली न्हाई. जागा द्यायला ती माझ्या बापाची न्हाई. सही तुझी लागती, आणि ती तुझ्या हातात आहे. उद्या तू न्हाई म्हणलीस तर माझं तोंड टेंभुर्णीत काळं होईल, बस. या वयात त्याला कोण बघतंय.

पण मंग झुंबरबाई सही करणार न्हाई, आणि वकील खरेदीखत करू देणार न्हाई. तो म्हणतो ना, जागा निर्वेध पाहिजे, कोणाचा हक्क अडकलेला नको? घटकाभर धर, धर्मराजनं साडी नेसवून तिची सही आणली. कागद निर्वेध झाला. तू कोपऱ्यात घर बांधलंस. अंबडच्या बाजाराला आलेली ती बाई तुझ्या खिडकीवरून जाईल. तू आत चहा पिऊन राह्यलीस. चहा जातो का बघ घशाखाली. जात असंल तर माझ्याकडं पाठवू नको, मला गोड चालत न्हाई.

तूच जा टेंभुर्णीला. मला शिव्या द्यायच्या तर तिच्यासमोर दे, तिलाबी बरं वाटंल. फक्त समजूतदारपणा अंबडला ठेवून जा. दोघी समजूतदार बाया एकत्र बसल्या की दोघींचं नुकसान होतं, फायदा तिसऱ्याचा.

तुझी आजी


अंबड
३ एप्रिल १९९६

ती. आजीस साष्टांग नमस्कार.

गेले टेंभुर्णीला. सर्जेरावांना बरोबर घेतलं नाही. झुंबरबाई गिरणीवरच होत्या, भुवयांपर्यंत पीठ. मी नाव सांगितलं तर म्हणाल्या, 'समजूतदार नात ती तुम्हीच का?' मी म्हटलं, 'समजूतदार नाही. भांडायला आले आहे.' 'मंग बसा,' म्हणाल्या आणि एका डब्यावरची टोपली बाजूला केली.

मी सरळ विचारलं, 'तुम्हाला कोपराच कशाला पाहिजे?'

'कोपरा कोणाला पाहिजे?' त्या म्हणाल्या. 'तुमच्या आजीनं दिला. म्हातारं माणूस डोळ्यांत पाणी आणून देऊन राह्यलं, न्हाई कसं म्हणू?'

'आणि तुमच्या वडिलांचं खळं?'

'खळ्याचं काय घेऊन बसलात, बाई. त्या खळ्यावर कडबा वाहून वाहून माझी मान मोडली. खळं पुन्हा बघायला लागू नये म्हणून तर लग्नाला जल्दी हो म्हणलं होतं.'

आजी, त्यांना गिरणी टाकायची आहे. स्वतःची. दुसऱ्याचं चाक फिरवून कंटाळल्या आहेत. रस्त्याकडची जागा अशासाठी, की डबे घेऊन येणाऱ्या बायांना चिखलातून यायला नको. आणि विजेचा खांब जवळ पाहिजे. मी म्हटलं, खांब कोपऱ्यावर नाही, माझ्या शेजारच्या प्लॉटसमोर आहे. त्यांनी पट्टा बंद केला. गिरणी थांबल्यावर एकदम एवढं शांत झालं की बाहेरच्या बायकाही आत बघायला लागल्या. म्हणाल्या, 'मंग तोच द्या की. हे आधी कोणी का न्हाई सांगितलं?'

तुला खळं दिसलं, त्यांना खांब दिसत होता. तू एवढंच विचारलं असतंस, की रस्त्याकडचा कशाला, तर माझी झोप वाचली असती.

आता माझ्या भिंतीला गिरणी येणार. तेही तिथंच बोलून घेतलं. मी शाळेत असेन तेव्हा दळायचं, दिवे लागले की पट्टा बंद. त्या म्हणाल्या, 'सणासुदीला न्हाई जमणार.' मी म्हटलं, सणासुदीला माझंही दळण असेल.

धर्मराजभाऊंना हे सांगायला मी आणि वकीलसाहेब गेलो. भाऊ म्हणाले, 'बहिणीनं जमीन मागितली. लोक काय म्हणतील?' आतून कौसल्याबाई म्हणाल्या, 'लोक म्हणतील, धर्मराजला बहीण आहे. आजवर कुठं कोणाला माहीत होतं?'

वकील म्हणतात हक्कसोड नको. आधी भावाबहिणीचं वाटणीपत्र करायचं, त्यात शेजारचा प्लॉट झुंबरबाईंचा. मग माझं खरेदीखत. त्यात विकणाऱ्याला 'लिहून देणार' म्हणतात आणि घेणाऱ्याला 'लिहून घेणार'. लिहून देणार दोघं असतील, धर्मराजभाऊ आणि झुंबरबाई. मी म्हटलं, सही तर तेव्हाही होती, आताही आहे, फरक काय? ते म्हणाले, 'बाई, त्या कागदात त्या निघून जात होत्या. या कागदात त्या हजर आहेत.'

तुझी बेबी


अंबड
२२ एप्रिल १९९६

ती. आजीस साष्टांग नमस्कार.

खरेदीखत झालं. जागा माझी झाली, कोपऱ्यासकट.

रजिस्ट्रीच्या ऑफिसात गर्दी होती. कारकुनानं चतुःसीमा वाचली, म्हणजे चारी बाजूंना काय आहे ते. पूर्वेस रस्ता, उत्तरेस रस्ता, पश्चिमेस मागचा प्लॉट, दक्षिणेस झुंबरबाईंचा प्लॉट. झुंबरबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, 'गिरणी लिहा म्हणावं.' मी म्हटलं, आधी बांधा.

मग साहेबांनी धर्मराजभाऊंना विचारलं, 'या बाई तुमच्या कोण?' ते म्हणाले, 'बहीण.' साहेबांनी विचारलं, 'सख्खी?' भाऊ म्हणाले, 'सख्खी. एकुलती एक.' झुंबरबाईंनी तोंडाला पदर लावला. रडत होत्या की हसत होत्या, मी विचारलं नाही. सही मात्र मोठी केली, चौकटीच्या बाहेर गेली.

येताना बसस्टँडवर भाऊंनी बहिणीला रसवंतीत नेलं. मलाही बोलावलं, पण मी गेले नाही. मला प्लॉटवर जायचं होतं. चपलेनं आखलेल्या रेघा कधीच्या पुसल्या होत्या. पुन्हा आखल्या. देवघर थोडं सरकवलंय, गिरणीच्या भिंतीपासून लांब.

शाळेला सुट्टी लागली की पाया खणायचा. कधी येतेस?

तुझी बेबी


कुंभार पिंपळगाव
५ मे १९९६

चि. बेबी, आशीर्वाद. आता घरवाली झालीस, जपून देते.

खळ्याचं मी चुकले, असं तू लिहिलंस. चुकले कुठं? खळं तिथं होतंच की. आणि मी कोपरा दिला नसता तर तू टेंभुर्णीला कशाला गेली असतीस? तू जावंस म्हणूनच मी तसं केलं. उषाबाई हसून राह्यली. हसू दे, तिला बोलायचे पैसे न्हाईत, लिहायचेबी न्हाईत.

आता इकडचं ऐक. तुझं पत्र ओसरीवर वाचलं तेव्हा तुझा बाप आणि तुझा भाऊ बद्रीनाथ दोघंबी होते. रामकिसननं समदं बराबर ऐकून घेतलं. झुंबरबाईचं ऐकून म्हणाला, 'लई चांगलं झालं.' मंग जरा वेळानं म्हणाला, 'माय, आपल्या सातबाऱ्यावर वडलांच्या मागं तुझंबी नाव आहे. एकदा बद्रीनाथच्या नावानं अंगठा देऊन टाक. पुढं अशी भानगड नको.'

म्हणलं, 'आणि बेबी?'

'बेबी घरचीच आहे. तिचं आता अंबडला झालंच की.'

'आणि मला काय?'

'तुला काय कमी आहे? साडी घेऊ चांगली, दिवाळीला.'

मी म्हणलं, 'रामकिसन, साडी आणू नको. मोजणीवाला आण. माझं किती आहे ते आधी खुंट्या ठोकून दाखव. कोणाला द्यायचं ते मंग मी बघते. नातू एक आहे आणि नात एक आहे. मी दोघंबी मोजते.'

दोन दिवस घरात कोणी बोललं न्हाई. भाजीत मीठ पडलं न्हाई, तरीबी कोणी बोललं न्हाई. तिसऱ्या दिवशी बद्रीनाथच म्हणाला, 'आजी, अर्ज मी लिहितो.' लिहिला आणि देऊनबी आला. तुझा भाऊ धर्मराजपेक्षा बरा निघाला. त्याला सांगू नको, शेफारंल.

मोजणीवाले या महिन्यातच येऊन राह्यले. तुझ्या पायाची खणती आठ दिवस थांबंल. शाळा बंद आहे, सर्जेरावांना दोन दिवस स्वैपाक करू दे, आणि तू इकडं ये. मोजणीच्या साखळीचं एक टोक धरायला घरचं माणूस लागतं.

तुझी आजी